सत्तरीतल्या शाळेत रुजू होताना

चि. मुलीस अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या आडगावची सरकारी प्राथमिक शाळा, पहिली ते चौथी मिळून सतरा मुले आणि शिकवायला तू एकटी, हे वाचून मला माझी पहिली नेमणूक आठवली. पहिल्या वर्षी सर्वांत जास्त लक्ष कशाकडे द्यावे, असे तू विचारले आहेस. माझे उत्तर असे की, एखादे मूल शिकत नाही असे वाटले तर त्याचे कारण सापडेपर्यंत त्याच्याविषयी कोणतेही मत बनवू नकोस. कारण असतेच, आणि पुष्कळदा ते पाठ्यपुस्तकाच्या बाहेर असते.

सर्वांत आधी भाषा. आपल्या शाळेचे माध्यम मराठी असले तरी तुझ्याकडे येणारी बहुतेक मुले घरी कोंकणी बोलतात. दोन्ही भाषा इतक्या जवळच्या आहेत की मुलाची अडचण आपल्याला दिसतच नाही. माझ्या वर्गात पहिलीतला एक मुलगा होता. मी त्याच्यापुढे पेल्याचे चित्र आणि खाली ‘पाणी’ हा शब्द असलेले कार्ड धरले की तो मोठ्या आवाजात ‘उदक’ म्हणत असे. मी दोन महिने त्याच्या नावापुढे ‘वाचन येत नाही’ अशी नोंद करत राहिले. एके दिवशी सहज चित्रावर बोट ठेवून नुसता शब्द दाखवला, तेव्हा त्याने ‘पा’ आणि ‘णी’ ही दोन्ही अक्षरे अचूक ओळखली, फक्त ती जोडून तयार झालेला शब्द त्याच्या ओळखीचा नव्हता. त्याला अक्षरे येत होती. मी त्याचे वाचन तपासते आहे असे समजत होते आणि प्रत्यक्षात त्याची मराठी तपासत होते. या दोन गोष्टी तू पहिल्या दिवसापासून वेगळ्या ठेव. मूल ‘उदक’ म्हणाले तर ‘बरोबर, हे उदक, पुस्तकात याला पाणी म्हणतात’ असे सांग. ‘हांव येतां’ म्हणणाऱ्याला मध्येच थांबवून ‘मी येतो म्हण’ असे सांगू नकोस, आधी त्याचे सांगणे पूर्ण होऊ दे. निदान पाचवीपर्यंत, शक्य असेल तेथे, घरच्या भाषेतून शिकवावे असे २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात म्हटले आहे, आणि आपल्या शाळांत त्याचा अर्थ एवढाच की कोंकणीला वर्गात उभे राहायला जागा हवी. कामासाठी आलेल्या कुटुंबांतली कन्नड किंवा हिंदी बोलणारी एक-दोन मुले तुझ्याकडे असतील, तर त्यांच्यासाठी हे अंतर कितीतरी मोठे आहे. त्यांना पहिले काही महिने नुसते ऐकू दे.

दुसरी गोष्ट शरीराची. पावसाळ्यात मुलांचे कान फुटतात, आणि कान वाहत असलेले मूल ‘लक्ष देत नाही’ असे आपण म्हणतो. तिसरीतल्या एका मुलीला मी फळ्याकडे तोंड करून काही सांगितले की तिला कळत नसे, तिच्याकडे पाहून सांगितले की सगळे कळत असे. ती माझ्या ओठांकडे बघून समजून घेत होती, हे माझ्या लक्षात यायला पूर्ण सहामाही गेली. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये सुरू झाल्यापासून शाळेत मुलांची तपासणी होते. पथक येण्याआधीच तुला ज्यांच्याविषयी शंका आहे त्या मुलांची नावे लिहून ठेव, कारण एका दिवसात सतरा मुले पाहणाऱ्या डॉक्टरांपेक्षा रोज पाच तास पाहणाऱ्या तुला जास्त माहीत असते.

भुकेचेही असेच आहे. घरी असती तर मुलांनी दहा-अकराला पेज घेतली असती. शाळेच्या दिवशी ती नुसत्या चहावर येतात आणि मधल्या सुट्टीच्या आधीच मलूल होतात. माध्यान्ह आहाराच्या निकषानुसार प्राथमिक वर्गातल्या मुलाला ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिने मिळायला हवीत, म्हणून स्वयंसहाय्य गटाकडून आलेले जेवण स्वतः चाखून पाहा, आणि गणित सकाळच्या पहिल्या तासाला घे.

वयाकडेही बघ. पहिलीत शेजारी बसलेल्या दोन मुलांत अकरा महिन्यांचे अंतर असू शकते, आणि सहा वर्षांच्या मुलासाठी ते आयुष्याचा जवळजवळ सहावा हिस्सा असते. धाकट्याला पेन्सिल धरता येत नाही म्हणून त्याला मागे पडलेला समजू नकोस.

चार इयत्ता एकटीने सांभाळण्याविषयी तू काळजीने लिहिले आहेस, आणि ती काळजी रास्त आहे. शिक्षण हक्क कायद्याने साठ मुलांपर्यंतच्या प्राथमिक शाळेलाही दोन शिक्षक हवेत. तेव्हा दुसऱ्या शिक्षकासाठी भागशिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी मागणी करत राहा. तोपर्यंत इयत्तांप्रमाणे न बसवता वाचनाच्या पातळीप्रमाणे तीन गट कर. तिसरीतले मूल पहिलीच्या गटात बसले तरी चालेल, मात्र त्या गटांना ‘हुशार’ किंवा ‘कच्चा’ अशी नावे देऊ नकोस. फुलांची दे, पक्ष्यांची दे.

मार्च-एप्रिलमध्ये काजूच्या हंगामात हजेरी घसरेल. आई पहाटे बागेत बिया वेचायला जाते, तेव्हा धाकट्या भावंडाला सांभाळायला थोरली मुलगी घरी राहते. तिला रागावू नकोस. त्या दिवसांत धाकट्यालाही शाळेत घेऊन यायला सांग, एका चटईवर तो बसेल आणि त्याची बहीण शिकेल.

पहिल्या महिन्यातच सतराही घरी जाऊन ये. ओसरीवर बस, चहा दिला तर घे, अभ्यासाविषयी तू होऊन काही विचारू नकोस. मूल घरी कोणते काम करते, कोणाशी जास्त बोलते, रात्री कुठे झोपते, हे तुला बसल्या जागी दिसेल. जाताना नोंदवही मात्र सोबत नेऊ नकोस. वही दिसली की सर्वेक्षणासाठी कोणीतरी आले असे समजून माणसे मोकळेपणाने बोलत नाहीत. जे पाहिलेस ते परत आल्यावर लिही, आणि त्यातले काही कळले नाही तर मला विचार.

तुझी,
बाई