जॉन वुडन : पहिल्या विजेतेपदाआधीची पंधरा वर्षे

आपण विचारले आहे की, यूसीएलए, म्हणजे लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघाचे प्रशिक्षक जॉन वुडन यांना पहिले राष्ट्रीय विजेतेपद मिळायला सोळावा हंगाम उजाडला, तर तोवर विद्यापीठाने त्यांना ठेवले कसे. आणि पुढची सगळी विजेतेपदे ही मुळात ल्यू अल्सिंडर आणि बिल वॉल्टन यांच्यासारखे खेळाडू हाती लागल्याचे फळ नव्हे काय. दुसऱ्या भागाचे उत्तर आधी देतो, कारण नुसती वर्षे ताडून पाहिली तरी ते मिळते. वुडन यांनी 1964 ते 1975 या बारा वर्षांत दहा विजेतेपदे जिंकली. त्यांपैकी 1967, 1968 आणि 1969 ही तीन अल्सिंडरच्या, म्हणजे पुढे करीम अब्दुल-जब्बार या नावाने जगाला माहीत झालेल्या खेळाडूच्या काळातली, तर 1972 आणि 1973 ही दोन वॉल्टनच्या काळातली. उरलेली पाच, म्हणजे 1964, 1965, 1970, 1971 आणि 1975 ची विजेतेपदे या दोघांपैकी कोणीही संघात नसताना मिळालेली आहेत. शिवाय अल्सिंडर न्यूयॉर्क सोडून थेट लॉस एंजेलिसला आला, त्यामागे आधीच्या दोन विजेतेपदांनी यूसीएलएचे देशभर झालेले नाव हे मोठे कारण होते. खेळाडूंमुळे यश मिळाले हे खरेच, पण ते खेळाडू आधीच्या यशामुळे आले हा क्रम आपल्या प्रश्नात उलटा झाला आहे.

आता टिकून राहण्याविषयी. वुडन 1948 मध्ये यूसीएलएत आले, ते इंडियाना राज्यातल्या टेरे हॉट इथल्या शिक्षक महाविद्यालयातून. त्याआधी पर्ड्यू विद्यापीठात ते स्वतः देशातले नावाजलेले खेळाडू होते, आणि नंतर अकरा वर्षे केंटकी व इंडियानातल्या शाळांमध्ये इंग्रजी शिकवत त्यांनी संघ घडवले होते. केंटकीतल्या डेटन गावच्या शाळेतला त्यांचा पहिलाच हंगाम पराभवांचा गेला होता, ही गोष्ट नव्या प्रशिक्षकांनी आवर्जून लक्षात ठेवावी. यूसीएलएचा संघ त्यांच्या येण्याआधीच्या वर्षी 12 सामने जिंकून 13 हरला होता आणि नव्या हंगामात तो आपल्या गटात, म्हणजे त्या भागातल्या विद्यापीठांच्या साखळीत, तळाला राहील असा जाणकारांचा अंदाज होता. वुडन यांच्या हाताखाली त्याने 22 सामने जिंकले, फक्त 7 गमावले आणि गटात पहिला क्रमांक मिळवला. तिथल्या त्यांच्या एकूण सत्तावीस वर्षांत एकही हंगाम असा गेला नाही की ज्यात विजयांपेक्षा पराभव जास्त झाले. तेव्हा त्यांना काढून टाकण्याचा प्रश्नच विद्यापीठापुढे कधी उभा राहिला नाही.

उलट सोडून जायचे मन वुडन यांचेच होते. नवीन क्रीडागृह लवकरच उभे राहील असे त्यांना सांगण्यात आले होते. ते प्रत्यक्षात 1965 मध्ये, पॉली पॅव्हिलियनच्या रूपाने उभे राहिले. तोवर सराव चालायचा तो जुन्या व्यायामशाळेच्या वरच्या मजल्यावर, जिथे एका बाजूला जिम्नॅस्टिक्सची मुले आणि दुसरीकडे कुस्तीगीर असायचे. खडूची पूड आणि धूळ मैदानावर साचायची, आणि सरावाआधी ते मैदान पुसून घेण्याच्या कामात वुडन स्वतः हात घालायचे. पुढे आगीच्या धोक्यामुळे तिथे प्रेक्षक बसवण्यावर मर्यादा आली आणि संघाला आपले घरचे सामने शहरातल्या इतर सभागृहांत नेऊन खेळावे लागले. पर्ड्यूने दोन वर्षांतच त्यांना परत बोलावले होते, पण तीन वर्षांचा करार वुडन यांनीच आग्रहाने मागितला होता, याची यूसीएलएने आठवण करून देताच ते थांबले.

मग 1964 मध्ये बदलले काय? माझ्या मते सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे पूर्ण मैदानभर दबाव टाकणारा झोन प्रेस. ही पद्धत वुडन यांनी शाळांमध्ये शिकवताना वापरलेली होती, पण महाविद्यालयीन पातळीवर ती चालणार नाही असे वाटून बाजूला ठेवली होती. ती पुन्हा काढावी यासाठी त्यांचे सहायक जेरी नॉर्मन यांनी पाठपुरावा केला. दोन खेळाडू प्रतिस्पर्ध्याच्या टोकाला, दोन त्यांच्या मागे आणि एक सर्वांत मागे, अशी ती रचना होती. चेंडू हिसकावून घेणे हा तिचा दुय्यम उद्देश होता. प्रतिस्पर्ध्याला घाई करायला लावून सामन्याची गती आपल्याला हवी तशी वाढवणे हा मुख्य. त्या संघात सुरुवातीच्या पाचांपैकी कोणीही 6 फूट 5 इंचांपेक्षा उंच नव्हता, आणि अंतिम सामन्यात समोर असलेल्या ड्यूक विद्यापीठाकडे 6 फूट 10 इंच उंचीचे दोघे होते. ड्यूक 30-27 असा पुढे असताना यूसीएलएने अडीच मिनिटांच्या आसपास सलग 16 गुण मिळवले आणि सामना 98-83 असा जिंकला. तो संपूर्ण हंगाम त्यांनी एकही पराभव न पत्करता, 30 विजयांनी पूर्ण केला. इतक्या वर्षांच्या अनुभवानंतर, स्वतः टाकून दिलेली गोष्ट सहायकाच्या सांगण्यावरून पुन्हा हाती घेण्याची तयारी दाखवणे, हे मला त्यांच्या कारकिर्दीतले सर्वांत मोठे पाऊल वाटते.

पण डावपेच बदलले तरी शिकवण्याची रीत तीच राहिली, आणि आपण स्वतः महाविद्यालयाच्या मुलांना शिकवता म्हणून याच गोष्टीकडे आपले लक्ष वेधतो. हंगामाच्या पहिल्या दिवशी वुडन खेळाडूंना मोजे घालायला शिकवत. मोजा बोटांवरून ओढून घ्यायचा, मग टाचेपाशी आणि करंगळीपाशी हात फिरवून एकही चुणी उरलेली नाही ना हे पाहायचे, आणि त्यानंतरच बूट घालून नाडी प्रत्येक छिद्रापाशी घट्ट ओढायची. कारण चुणीमुळे फोड येतो, आणि फोड आलेला खेळाडू सरावाला मुकतो. अल्सिंडर आणि वॉल्टन यांच्यासारख्या, देशभरातल्या महाविद्यालयांनी ज्यांच्यासाठी धडपड केली होती त्या मुलांनाही हा धडा चुकला नाही. सरावाचा मिनिटामिनिटाचा आराखडा ते रोज सकाळी सहायकांबरोबर बसून तयार करत, छोट्या कार्डांवर उतरवून घेत आणि ती कार्डे जपून ठेवत. त्यामुळे अमुक गोष्ट मागच्या वर्षी याच सुमारास किती वेळ शिकवली होती हे त्यांना पाहता येई.

1974-75 च्या, म्हणजे त्यांच्या शेवटच्या हंगामात, रोनाल्ड गॅलिमोर आणि रोलँड थार्प या दोन मानसशास्त्रज्ञांनी सरावाच्या वेळी बसून त्यांच्या बोलण्या-वागण्याच्या 2,326 नोंदी केल्या. त्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश नोंदी निव्वळ माहितीच्या होत्या : काय करायचे, कसे करायचे आणि केव्हा करायचे. शाबासकी आणि नाराजी यांचा वाटा प्रत्येकी सात टक्क्यांच्या आसपासच होता. मैदानाच्या कडेला उभे राहून ओरडणे आणि मुलांना चेव आणणारी भाषणे देणे म्हणजेच प्रशिक्षण, असे मानणाऱ्या प्रत्येकाने या आकड्यांवर थोडा वेळ विचार करावा असे मला मनापासून वाटते.

टेरे हॉटमधली एक गोष्टही सांगितली पाहिजे. 1947 मध्ये त्यांच्या संघाला एका राष्ट्रीय स्पर्धेचे निमंत्रण आले, पण तिथे कृष्णवर्णीय खेळाडूंना मज्जाव होता आणि संघात क्लॅरेन्स वॉकर होता. वुडन यांनी निमंत्रण नाकारले. पुढच्या वर्षी तो नियम रद्द झाला, वॉकर त्या स्पर्धेत खेळणारा पहिला कृष्णवर्णीय खेळाडू ठरला आणि संघ अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला.

याच बरोबर सॅम गिल्बर्ट या धनाढ्य पाठीराख्याचे प्रकरणही झाकून ठेवता येत नाही. त्याने खेळाडूंना नियमबाह्य मदत केल्याचे आरोप वुडन यांच्या काळापर्यंत मागे जातात. अमेरिकेतल्या महाविद्यालयीन खेळांचे नियमन करणाऱ्या एनसीएए या संस्थेने 1981 मध्ये यूसीएलएवर कारवाई केली आणि गिल्बर्टशी संबंध तोडायला लावले, पण ती नंतरच्या प्रशिक्षकांच्या काळातल्या प्रकारांबद्दल होती. वुडन यांची विजेतेपदे कायम राहिली. त्यांनी स्वतः कोणाला पैसे दिले असा पुरावा पुढे आलेला नाही, मात्र आपल्या खेळाडूंभोवती काय चालले आहे याची अधिक चौकशी करणे हे त्यांचे काम होते, असे माझे स्पष्ट मत आहे.

आजच्या प्रशिक्षकांशी त्यांची तुलना करताना त्या वेळची स्पर्धाही डोळ्यांसमोर असू द्यावी. 1964 मध्ये राष्ट्रीय विजेतेपदाच्या स्पर्धेत 25 संघ होते आणि यूसीएलएला विजेतेपदासाठी चार सामने जिंकावे लागले. आज 68 संघांच्या स्पर्धेत बहुतेकांना सहा जिंकावे लागतात. दुसरीकडे, तेव्हा साधारणपणे प्रत्येक गटातून एकच संघ पुढे जात असे, त्यामुळे गटात दुसरा आलेला चांगला संघही घरी बसायचा. 1966 मध्ये, सलग दोन वेळच्या विजेत्या यूसीएलएवर नेमकी हीच वेळ आली होती, आणि त्या वर्षी अल्सिंडर त्याच विद्यापीठात असूनही, प्रथम वर्षाच्या मुलांना मुख्य संघात खेळू न देणाऱ्या तेव्हाच्या नियमामुळे वुडन यांना त्याचा काहीच उपयोग करून घेता आला नाही.