बटाटा, आलू, पापा, कार्टोफेल: एका कंदाला जगभर इतकी वेगवेगळी नावं कशी पडली?

तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात. हिंदीत आलू आणि मराठीत बटाटा असं का, जगात बाकीचे लोक बटाट्याला काय म्हणतात, आणि बटाट्याला शुद्ध मराठी शब्द आहे का. तिसऱ्याचं उत्तर शेवटी देतो, कारण पहिल्या दोन गोष्टी कळल्याशिवाय ते पटणार नाही.

बटाटा हा पोर्तुगीज शब्द आहे असं आपण शाळेपासून ऐकतो. पाव, चावी, पगार, बादली, कोबी, घमेलं या यादीत तो असतोच. पण ते अर्धंच खरं आहे. पोर्तुगीजांनी तो आपल्या किनाऱ्यावर आणला, शब्द मात्र त्यांचा नाही. १४९२ मध्ये कोलंबस कॅरिबियन बेटांवर उतरला तेव्हा तिथे टाइनो नावाचे लोक राहायचे, म्हणजे आताचा क्यूबा, हैती, डोमिनिकन रिपब्लिक, पोर्तो रिको हा सगळा पट्टा. ते जमिनीत एक गोड कंद लावायचे आणि त्याला बटाटा म्हणायचे. तो कंद बटाटा नव्हता, रताळं होतं! आजही रताळ्याचं शास्त्रीय नाव आयपोमिया बटाटास असंच आहे. बटाट्याचं शास्त्रीय नाव सोलॅनम ट्यूबरोसम, म्हणजे तो वांगं-टोमॅटोच्या घरातला, रताळ्याशी त्याचं जवळचं नातं नाही. दोघं जमिनीखाली वाढतात एवढंच.

खरा बटाटा तिथून खूप लांब, दक्षिण अमेरिकेत अँडीज पर्वतात, पेरू-बोलिव्हियाच्या डोंगराळ भागात हजारो वर्षं लावला जात होता. तिथल्या क्वेचुआ भाषेत त्याचं नाव पापा. बटाट्याचं मूळ नाव कोणतं असं कोणी विचारलं तर उत्तर हेच. पिझारो या स्पॅनिश सरदाराची माणसं १५३२ मध्ये पेरूत घुसली आणि त्यानंतर स्पॅनिश लोकांना हा कंद कळला, १५७० च्या आसपास तो स्पेनमध्ये पोचला. तिथे रताळं आधीच येऊन बसलेलं, त्याला बटाटा म्हणायची सवय झालेली, आता हा दुसरा कंद आला पापा नावाचा, आणि लोकांच्या तोंडात दोन्ही शब्द मिसळून पटाटा तयार झाला. स्पेनमध्ये आज पटाटा म्हणतात, पण मेक्सिकोपासून अर्जेंटिनापर्यंतच्या स्पॅनिश बोलणाऱ्या देशांत आणि स्पेनच्याच कॅनरी बेटांवर अजून पापाच म्हणतात. इंग्रजीतला पोटॅटो पटाटावरूनच आला आणि त्याचाही सुरुवातीचा अर्थ रताळं असाच होता. जॉन जेरार्ड नावाच्या इंग्रजाने १५९७ साली वनस्पतींवर मोठं पुस्तक लिहिलं, त्यात रताळ्याला तो सरळ पोटॅटो म्हणतो आणि बटाट्याला व्हर्जिनियाचा पोटॅटो, खरं तर बटाटा व्हर्जिनियाचा अजिबात नाही. म्हणून जहांगीरच्या काळात भारतात आलेल्या कुणा इंग्रजाने जेवणात पोटॅटो होता असं लिहिलेलं सापडलं की "बघा, तेव्हाच भारतात बटाटा होता" असा निष्कर्ष लगेच काढू नका, ते रताळंही असू शकतं.

पोर्तुगीज भाषेत मात्र पटाटा वगैरे झालंच नाही, बटाटा तसाच राहिला, फक्त अर्थ रताळ्यावरून बटाट्यावर सरकला आणि रताळ्याला ते गोड बटाटा, म्हणजे बटाटा-दोसे, म्हणायला लागले. गोवा १५१० मध्ये आणि वसई १५३४ मध्ये त्यांच्याकडे गेली, मुंबईची बेटंही सतराव्या शतकात इंग्रजांना मिळेपर्यंत त्यांचीच होती, तर शब्द किनाऱ्याला लागायला भरपूर वेळ मिळाला. आता नकाशा डोळ्यांसमोर आणा. कोकणीत बटाटो, मराठीत बटाटा, गुजरातीत बटाका किंवा बटेटा, सिंधीत पटाटा, म्हणजे गोव्यापासून सिंधपर्यंत अख्खा पश्चिम किनारा एकाच शब्दाचा. आत गेलात की आलू सुरू. अर्थात पोर्तुगीज जिथे गेले तिथे हा शब्द रुजलाच असं नाही, केरळात तर ते सगळ्यात आधी पोचले होते पण मल्याळममध्ये उरुळक्किळंगु म्हणतात, तमिळमध्येही जवळपास तेच, अर्थ गोल कंद.

आता आलू. इथे मला सगळ्यात जास्त मजा येते. संस्कृतात आलु, आलुक हे शब्द खाण्याच्या कंदांसाठी होते, सुरण, कोनफळ असल्या गोष्टींसाठी, कारण तेव्हा बटाटा भारतात नव्हताच. नंतर बटाटा आला आणि उत्तरेत, बंगालात, नेपाळात लोकांनी जुनंच नाव नव्या कंदाला देऊन टाकलं. ब्रह्मदेशातही आलूच म्हणतात, तो इथूनच तिकडे गेला. आणि आपल्याकडे? आपल्याकडे तोच शब्द अळू म्हणून राहिला, अळूवडीचा अळू, आणि दुसरा राहिला रताळ्यात! रताळं म्हणजे रक्तालु, लाल कंद. मुंबईत गुजराती शेजारी असतील तर थंडीत उंधियोची तयारी चालू असताना विचारून बघा, ते रताळू म्हणून जे आणतात ते आपलं जांभळं कोनफळ असतं, गोड रताळ्याला ते शक्करिया म्हणतात. त्यांनी जुना अर्थ धरून ठेवला, आपण तो शब्द अमेरिकेहून आलेल्या गोड कंदाला दिला. म्हणजे नीट बघा काय झालंय: मराठीत बटाट्याला जो शब्द आहे तो मुळात रताळ्याचा, आणि रताळ्याला जो आहे त्याच्या पोटात हिंदीतला बटाटा बसलाय. मी हे ज्यांना सांगतो ते आधी विश्वासच ठेवत नाहीत.

एक गोष्ट इथेच सांगून टाकतो कारण नेहमी घोळ होतो. जर्दाळू, आलुबुखार यातला आलू वेगळा आहे. तो फारसी आहे, फारसीत आलू म्हणजे प्लमसारखं फळ, जर्द म्हणजे पिवळा. त्याचा कंदाशी काही संबंध नाही.

जगाकडे वळलं तर नावांचे तीन-चार मोठे गट पडतात. एक गट "जमिनीतलं सफरचंद" वाल्यांचा. फ्रेंचमध्ये पॉम द तेर, डचमध्ये आर्दापल, हिब्रूत तपुआख अदामा, आणि फारसीत सीब-जमिनी, हा तर आपल्याला भाषांतर न करताही कळतो, सीब म्हणजे सेब आणि जमीन म्हणजे जमीन. डच लोक श्रीलंकेत होते म्हणून सिंहलीत आजही अर्तापल् म्हणतात. आपल्याकडे पोर्तुगीजांनी शब्द ठेवला तसा तिथे डचांनी ठेवला. फिनलंडमध्ये पेरुना म्हणतात, ऐकून पेरू देश आठवतो पण तो योगायोग, त्यांचा शब्द स्वीडिश बोलीतल्या "जमिनीतलं नासपती" वरून आलाय. जर्मनच्या काही बोलींत पण ग्रुंडबिर्ने म्हणजे जमिनीतलं नासपतीच, आणि त्याचं बोलता बोलता सर्बियन-स्लोव्हेनियनमध्ये क्रोंपिर आणि हंगेरियनमध्ये क्रुंप्ली झालं. पोलिशमध्ये झेम्न्याक, झेम्या म्हणजे जमीन, फळाचं नावच गाळून टाकलं.

दुसरा गट कार्टोफेलचा आणि तो फार मोठा. इटलीत जमिनीखाली उगवणारी एक महागडी बुरशी मिळते, ट्रफल, तिला तार्तुफो म्हणतात. सुरुवातीला बटाटा बघून लोकांना तीच आठवली, म्हणून तार्तुफोलो, त्याचं जर्मनीत टार्टुफेल आणि मग कार्टोफेल. तिथून डॅनिश, रशियन, युक्रेनियन, रोमेनियन, बल्गेरियन, एस्टोनियन, अगदी आइसलँडपर्यंत. इटलीत मात्र आज पटाटा म्हणतात, ज्यांनी नाव दिलं त्यांनीच सोडून दिलं. प्रशिया या जुन्या जर्मन राज्याच्या फ्रेडरिक राजाने १७५६ मध्ये शेतकऱ्यांनी बटाटा लावावा असा हुकूम काढला होता, आणि पॉट्सडॅमला त्याच्या थडग्यावर आजही लोक फुलांबरोबर बटाटे ठेवतात. त्याच सुमाराच्या युद्धात पार्मांतिए नावाचा फ्रेंच औषधवाला प्रशियाच्या कैदेत होता, तिथे त्याला बटाटा खायला लागला, सुटून आल्यावर त्याने फ्रान्समध्ये बटाट्याचा प्रचार करण्यात आयुष्य घालवलं. चेक लोक तर ब्रांबोर म्हणतात, तो ब्रँडेनबर्ग या त्याच प्रशियाच्या प्रांताच्या जुन्या नावावरून.

म्हणजे हा तिसरा गट झाला, कुठनं आला किंवा कोणी आणला त्यावरून नाव. जपानीत जागाइमो, इमो म्हणजे कंद आणि जागा हे जागातारा म्हणजे जकार्ताचं आखूड रूप, १६०० च्या आसपास डच जहाजांनी तो तिथून आणला. व्हिएतनाममध्ये खोआय ताय, पश्चिमेचा कंद. तेलुगूत बंगाळादुंप, बंगालचा कंद. थायलंडमध्ये मान फरांग, फरांग म्हणजे गोरा परदेशी आणि हा शब्द तोच जो मराठीत फिरंगी आहे, म्हणजे थाई लोकांसाठी बटाटा हा फिरंगी कंद. चीनमध्ये तूदौ, म्हणजे मातीतला दाणा, पण तैवानमध्ये तीच दोन अक्षरं लिहिली तर अर्थ भुईमुगाची शेंग होतो, त्यामुळे तिकडे जाणार असाल तर ऑर्डर देताना लक्षात ठेवा.

उरलेले मग बटाटा-पटाटा-पोटॅटोवाले, ग्रीक, तुर्की, स्वीडिश, फिलिपिनो वगैरे. स्कॉटलंडच्या गेलिकमध्ये बुंटाटा आहे, आपल्या कानाला किती जवळचा लागतो. आयरिशमध्ये प्राटा, आणि आयर्लंडमध्ये १८४५ पासून बटाट्यावर रोग पडून जो दुष्काळ आला त्यात १० लाखांच्या आसपास माणसं गेली, एका पिकावर अख्खा गरीब वर्ग जगत होता म्हणून. इजिप्तमध्ये बटाट्याला बतातिस आणि रताळ्याला बताता म्हणतात, म्हणजे टाइनोंनी ज्या कंदाला ते नाव दिलं होतं तोच कंद कैरोत त्याच नावाने विकला जातो.

टाइनो लोकांबद्दल मला दोन ओळी लिहायच्याच आहेत. स्पॅनिश लोक आल्यावर रोगराईने आणि जबरदस्तीच्या मजुरीने काही दशकांत त्यांची वाताहत झाली, त्यांची भाषा आज कोणाचीही मातृभाषा नाही. तरी तिचे शब्द जगभर फिरतायत, हरिकेन त्यांचाच, बार्बेक्यू त्यांचाच. आपल्या आजोबांच्या घरी हरिकेन कंदील असायचा त्यातला हरिकेनही तोच. आणि दादरच्या, भायखळ्याच्या मंडईत, वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात रोज पहाटेपासून ज्या शब्दाचा पुकारा चालतो तो त्यांच्या तोंडचा शब्द, फार न बिघडता. त्याला नुसतं "पोर्तुगीज शब्द" म्हणून सोडून देणं मला अन्यायाचं वाटतं, निदान शाळेच्या पुस्तकात तरी एक ओळ जास्त असायला हवी.

मुंबईत तर या सगळ्या जगाचा एक तुकडा एकाच भाजीवाल्यासमोर ऐकू येतो. तो स्वतः आलू म्हणतो, आपण बटाटा, गुजराती काकी बटाका, माटुंग्याला गेलात तर डोशातल्या भाजीसाठी उरुळैक्किळंगु, आणि पारशी लोक पपेटा म्हणतात, पपेटा पर ईडू म्हणजे बटाट्यावर अंडं, ग्रँट रोडच्या बाजूला कोणाच्या घरी मिळालं तर नक्की खा.

आता शुद्ध मराठी शब्द. बरेच जण म्हणतात परदेशी शब्द आहे तर पर्याय काढूया, भूफळ वगैरे. असं करता येतं, फ्रेंचांनी आणि इराण्यांनी ते करून दाखवलं. पण आपल्याला गरज नाही असं माझं ठाम मत आहे. उपवासाला आपण जे खातो त्यात बटाटा, शेंगदाणा, हिरवी मिरची, साबुदाणा ज्यापासून करतात तो टॅपिओकाचा कंद, हे सगळं अमेरिका खंडातून आलेलं आहे आणि एकादशीला ते चालतं, यावर घरातल्या कुठल्याच आजीने कधी हरकत घेतली नाही. आणि व्याकरणाने सुद्धा हा शब्द कधीच आपलासा केलाय. फोटो, रेडिओ हे शब्द पण बाहेरचे, पण ते वाकत नाहीत, आपण फोटोचा, रेडिओचा असंच म्हणतो. बटाटा मात्र घोडा-घोडे-घोड्याचा यासारखा चालतो, बटाटा-बटाटे-बटाट्याचा, सामान्यरूप होतं, अनेकवचन होतं, लहान असला तर बटाटी पण होते. तेव्हा तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर: आहे, बटाटा.