समुद्रगवताला फूल येतं का?

प्रश्न : माझी नात सातवीत आहे. जलचर सस्तन प्राणी आणि सपुष्प वनस्पती यांची तुलना लिहायची होती. तिनं समुद्रगाय आणि समुद्रगवत घेतलं. ‘ते शेवाळ, त्याला फूल कुठलं?’ म्हणून बाईंनी अख्खं उत्तर खोडलं. पोरगी दोन दिवस धड जेवली नाही. खरं काय?
– एक आजोबा, सात रस्ता, सोलापूर

उत्तर : आजोबा, नात बरोबर आहे. पस्तीस वर्षं जीवशास्त्र शिकवलं, पण इतकी नेमकी जोडी माझ्या एकाही विद्यार्थ्यानं निवडली नव्हती.

रामेश्वरला किनाऱ्यावर वाहून आलेलं समुद्रगवत मी हातात घेऊन पाहिलंय. मंगळवेढ्याला माझ्या माहेरी ज्वारीच्या रानात हरळी खणताना निघतं ना, तस्संच आडवं खोड, पेरापेराला मुळ्या. पानं मात्र लंबगोल, अंगठ्याच्या नखाएवढी. शेवाळाला अशी मुळं नसतात, फूल तर नाहीच. हे हालोफिला नावाचं समुद्रगवत. प्रयोगशाळेत नरसाळ्याखाली ठेवून जिचे बुडबुडे मोजतात ती हायड्रिला ही पाणवनस्पती याच्याच कुळातली. हालोफिला पाण्याखालीच फुलतं आणि त्याचे परागकण पाण्यातूनच वाहत दुसऱ्या फुलाला जाऊन मिळतात.

गंमत पुढे आहे. दोघांचेही पूर्वज जमिनीवरचे. समुद्रगाय तर हत्तीच्या नात्यातली. पण गवत पुरतं समुद्राचं झालं. झोस्टेरा मरिना या समुद्रगवताचा जनुकसंच २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा पर्णरंध्रं, म्हणजे पानांवरची हवा आत-बाहेर करणारी सूक्ष्म छिद्रं, घडवणारी जनुकंच त्यात उरली नसल्याचं दिसलं. समुद्रगायीला फुप्फुसं काही टाकता आली नाहीत. चरता चरता दर काही मिनिटांनी ती नाक वर काढते, आणि पिलाला पाण्यातच दूध पाजते. माझ्या मते तुलनेत सगळ्यात आधी लिहावा असा मुद्दा हाच.

शिवाय एकीचं पोट दुसऱ्यावर. मोठी समुद्रगाय दिवसाला ३०-४० किलो गवत मुळासकट उपटून खाते. कुरणं गेली की ती गेलीच, कारण मादीला कित्येक वर्षांनी एकच पिलू होतं. म्हणून तर तमिळनाडूनं २०२२ मध्ये पाल्कच्या उपसागरात ४४८ चौरस किलोमीटर समुद्र तिच्यासाठी राखून ठेवला. हे वाचून मला फार बरं वाटलं होतं.

आज पोरीला जवळ बसवून पोटभर जेवू घाला. आणि वही घेऊन बाईंना तुम्ही स्वतः भेटा.