‘डांके’ म्हटलं की पातेलं उठतं

“मॅडम, परदेशी सुनेला कितीही जीव लावला तरी ती आपल्याला परकंच समजते का हो?”

मी समुपदेशक आहे, आणि हा प्रश्न माझ्याकडे हल्ली वरचेवर येतो. पुण्यात जर्मन शिकून किंवा चाकणच्या एखाद्या कंपनीतून मुलं श्टुटगार्ट, म्युनिकला जातात, तिकडेच संसार थाटतात. मग आई शेंगेन व्हिसाचे 90 दिवस राहून येते आणि जेट लॅग उतरायच्या आत माझ्यासमोर बसलेली असते.

सुनंदाकाकू अशाच आल्या. सांगलीच्या, निवृत्त शिक्षिका. (नावं आणि काही तपशील बदललेत, लिहायला त्यांची परवानगी आहे.) खुर्चीत बसताबसताच म्हणाल्या, “मी तिथं उपाशी झोपले. पोटच्या पोराच्या घरात, बॅगेतले रव्याचे लाडू खाऊन रात्री काढल्या.”

खरं सांगायचं तर मी मनातल्या मनात फाइलवर शिक्का मारून मोकळी झाले होते: सासू-सून, नेहमीचंच. तरी सवयीनं म्हटलं, “काकू, त्या खोलीत कॅमेरा असता तर त्यात जे दिसलं असतं तेवढंच सांगा. तुम्हाला काय वाटलं ते नंतर.”

“मसुराचं सूप होतं. एक वाटी घेतली. लेनानं विचारलं, आणखी घेणार? मी म्हणाले, डांके. तिनं पातेलं उचललं, झाकण घातलं, फ्रिजमध्ये ठेवलं.”

“डांके म्हणालात?”

“थँक्यू हो. अ‍ॅपवर शिकून गेले होते. म्हटलं, तिच्या भाषेत चार शब्द बोलावे, पोरीला बरं वाटेल.”

माझं जर्मन दोन परीक्षांपुरतंच, पण हे मला ठाऊक होतं. वाढणाऱ्यानं विचारल्यावर जर्मन माणूस नुसतं ‘डांके’ म्हणाला, तर त्याचा अर्थ ‘नको, पुरे’. हवं असेल तर ‘या, बिट्टे’, म्हणजे ‘हो, प्लीज’. म्हणजे काकू रोज रात्री, अगदी हसतमुखानं, जेवण नाकारत होत्या.

मला वाटलं, आता हसतील. त्या चिडल्या. “असेल तसं. पण माणूस एकदा तरी आग्रह करतो की नाही?”

खरी गाठ इथं होती. आपल्याकडे पहिलं ‘नको’ हे नको नसतंच. पंगतीत पानावर हात आडवा धरला तरी बोटांच्या फटीतून जिलबी पडते, आणि ती पडणार हे हात धरणाऱ्यालाही माहीत असतं. लगेच ‘हो, वाढा’ म्हणणारा हावरट, आणि एका नकारावर पुढं सरकणारा यजमान कद्रू. लेना जिथं वाढली तिथं मोठ्या माणसानं नको म्हटल्यावर पुन्हा विचारणं म्हणजे त्याच्या शब्दावर विश्वास नसणं. तिनं पातेलं उचललं ते सासूचा मान राखूनच.

एडवर्ड टी. हॉल या अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञानं 1976 साली हा फरक मांडला होता. काही समाजांत अर्थ शब्दांतच ठेवलेला असतो, काहींत तो शब्दांबाहेर असतो: कोण कोणाला म्हणतंय, कुठल्या वेळी, कसा चेहरा करून. आपलं ‘बघू’ हे याचं सगळ्यात चांगलं उदाहरण. लग्नाच्या बोलणीत ‘बघू, कळवतो’ म्हटलं की मुलीचे वडील काय ते समजतात. जर्मन साहेब मात्र खरोखरच कळवण्याची वाट बघत बसतो.

काकूंची दुसरी तक्रार हाकेची. “मला ‘सुनंदा, तू चहा घेतेस?’ म्हणते. सासूला!”

पुढच्या भेटीत काकूंच्या संमतीनं लेनाशी व्हिडिओवर बोलले. तिचं म्हणणं ऐकून माझ्याच घशात काहीतरी आलं. मराठी ती नवऱ्याकडून शिकली, आणि नवरा आईशी ‘तू’नंच बोलतो. तिनं तेच उचललं. जर्मनमध्येही तू आणि तुम्ही आहे, आणि घरच्या माणसांत ‘तुम्ही’ म्हणजे दार लावून घेतल्यासारखं. नाव घ्यायची पद्धत तिच्या माहेरची. आपणही आईला तू म्हणतो, विठोबालाही तूच म्हणतो. सासूला मात्र नाही, हे तिला कोणीच सांगितलं नव्हतं. एकीनं डांके शिकून घेतलं, दुसरीनं तू, आणि दोघी तिथंच ठेचकाळल्या.

लेनालाही बोचत होतं. शनिवारी कुठं जाऊ या विचारलं की उत्तर यायचं, “तुम्हाला चालेल ते.” ती संग्रहालयात न्यायची, आणि काकू दिवसभर गप्प. “त्यांना बाग बघायची होती हे मला सहा आठवड्यांनी कळलं,” ती म्हणाली. “मी विचारलं होतं ना?”

आणि मुलगा? माझा सगळ्यात जास्त राग त्याच्यावर. एका रविवारी काकूंनी ओल्या खोबऱ्याची चटणी वाटायला मिक्सर लावला. तिथं रविवारी शांतता पाळायची असते. शेजाऱ्यानं दार ठोठावलं. चिरंजीवांनी आईला सांगितलं, “लेनाचं डोकं दुखतंय.” काकूंनी मनात नोंद केली: सून नाजूक, माझा आवाज खपत नाही. काकू रुसल्या की तो लेनाला सांगायचा, “थकलीय.” दोन्हीकडची टोकदार वाक्यं हा मधल्यामध्ये गिळत होता आणि त्यालाच शांतता म्हणत होता. दुभाष्यानं इतकं चांगलं असू नये.

पण सगळंच संस्कृतीच्या खात्यावर टाकायची मला घाई नसते. तिसऱ्या भेटीत काकूंनी सहज सांगून टाकलं, “आमची सांगलीची थोरली सूनही म्हणते की आई आधी नको म्हणतात आणि मग फुगून बसतात.” मी गप्प बसले. त्यांनी माझ्याकडे बघितलं, पदर सारखा केला आणि म्हणाल्या, “हं. म्हणजे थोडं माझंही आहे.”

काकूंना मी ‘तिचं ऐका, समजून घ्या’ असं काही सांगितलं नाही. एवढंच सुचवलं की एखादी गोष्ट लागली की त्याच दिवशी लेनालाच विचारायचं: “तू हे केलंस, त्याचा तुमच्यात अर्थ काय?” मुलाला मधे घ्यायचं नाही. त्याला मी वेगळं झापलं. हाकेचा निकाल काकूंनीच लावला: “तू राहू दे. कानाला गोड लागतं आता. नाव तेवढं नको.” लेना ‘आई’ म्हणू लागली.

यंदा काकू पुन्हा गेल्या. परवा तिथून फोन आला.

“अहो, लेनानं नवीनच काढलंय. मी नको म्हटलं की विचारते, आई, सांगलीचं नको की इथलं नको?”

“मग?”

“काल म्हटलं, इथलं. खरंच पोट भरलं होतं. आणि ते सूप, तुम्हाला म्हणून सांगते, तसं बेचवच असतं.”