बालकलाकार म्हणून सुरुवात झाली तर पुढे करिअर होतं का? (मुलगी ९ वर्षांची, आम्ही नाशिकचे)

होतं, पण आपोआप नाही. सचिन पिळगावकर १९६३ च्या 'हा माझा मार्ग एकला'मध्ये बालकलाकार होते, पुढे नायक आणि दिग्दर्शक झाले. अशी उदाहरणं मोजकीच. आपल्या नाशिकशी नाळ असलेल्या दादासाहेब फाळक्यांची मुलगी मंदाकिनी १९१९ च्या 'कालिया मर्दन'मध्ये कृष्ण झाली होती, म्हणजे ही वाट जुनीच आहे.

खरी अडचण १२-१३ नंतर येते. उंची वाढते, मुलग्यांचा आवाज फुटतो, आणि ज्या गोड चेहऱ्यासाठी बोलावणं यायचं तोच बदलतो. तुमच्या मुलीच्या वयात तर शूटिंग चालू असताना एखादा दात पडला तरी आधीच्या शॉटशी चेहरा जुळत नाही! मधली काही वर्षं काम येणारच नाही असं धरून चाला. त्या काळात तिला बालनाट्यात राहू द्या. कालिदास कलामंदिरात प्रेक्षकांसमोर उभं राहून जे अंगात मुरतं ते सेटवर मिळत नाही.

करार करण्याआधी नियम वाचाच. दिवसाला ५ तासांपेक्षा जास्त काम नाही, सलग ३ तासांनंतर विश्रांती हवी, सलग २७ दिवसांपेक्षा जास्त काम नाही. निर्मात्याने जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी घ्यायची असते. मानधनातले किमान २० टक्के तिच्या नावावर राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत जायलाच हवेत. उरलेलेही शक्यतो घरखर्चात घेऊ नका. घर तिच्या कमाईवर चालायला लागलं की तिला 'नको' म्हणता येत नाही.