सेप्सिस म्हणजे नेमके काय?

प्रश्न : भातलावणी आटोपल्यावर माझ्या काकांना ताप भरला आणि पुढे त्यांना अतिदक्षता विभागात ठेवावे लागले. आता ते घरी आले आहेत. रुग्णालयाच्या कागदावर ‘लेप्टोस्पायरोसिस, सेप्सिस’ असे लिहिले आहे. आमच्याकडे जखम चिघळली की ‘सेप्टिक झाले’ म्हणतात, पण काकांच्या पायाला पू नव्हता. शेजारी ‘रक्तात विष भिनले’ म्हणतात. याचा अर्थ काय, आणि हे घरातल्या इतरांना होईल का?
– एक वाचक, कुडाळ तालुका

उत्तर : कागदावरचा पहिला शब्द रोगाचे नाव आहे, दुसरा, त्या रोगाने शरीराची जी अवस्था झाली तिचे. लेप्टोस्पायरोसिसचे जंतू उंदरांच्या आणि गुरांच्या मूत्रावाटे खाचरातल्या पाण्यात मिसळतात व पायाच्या बारीक भेगेतूनही शरीरात शिरतात. पण तेवढ्याने सेप्सिस होत नाही. संसर्गाशी झुंजताना शरीराचा प्रतिकारच बेताल होऊन मूत्रपिंडे, फुप्फुसे, यकृत अशा स्वतःच्या अवयवांचे काम बिघडवू लागला आणि त्यातून जिवाला धोका निर्माण झाला, तर त्या अवस्थेला सेप्सिस म्हणतात. ही व्याख्या २०१६ साली तज्ज्ञांनी मांडली. पुरेसे सलाइन देऊनही रक्तदाब औषधाच्या आधाराशिवाय टिकेना आणि रक्तातील लॅक्टेट (पेशींना प्राणवायू कमी पडला की वाढणारा पदार्थ) वाढलेलेच राहिले, तर तो ‘सेप्टिक शॉक’.

चिघळलेल्या जखमेला सेप्टिक म्हणणे बोलण्यापुरते चालते. सेप्सिस मात्र बाहेर कसलीही जखम नसताना, न्यूमोनियातून किंवा मूत्रमार्गाच्या संसर्गातूनही होतो. ‘रक्तात विष’ हा प्रयोग मला अधिक काळजीचा वाटतो, कारण त्यामुळे जंतू रक्तातच असणार असे वाटते आणि रक्ताच्या कल्चरमध्ये, म्हणजे रक्तातील जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीत, ते सापडले नाहीत की नातेवाईक निर्धास्त होतात. प्रत्यक्षात सेप्सिसच्या अनेक रुग्णांचे कल्चर निर्जंतुकच येते, आणि लेप्टोचे जंतू तर नेहमीच्या कल्चरमध्ये वाढतही नाहीत.

म्हणून अहवालापेक्षा माणसाकडे पाहावे, असे मी आग्रहाने सांगेन. लावणीच्या दिवसांत तापासोबत पोटऱ्या असह्य दुखू लागल्या किंवा डोळे लाल झाले, तर त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन शेतात उतरल्याचे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. धाप, असंबद्ध बोलणे, लघवी कमी होणे किंवा कावीळ दिसल्यास दिवस उजाडण्याची वाट न पाहता रुग्णालय गाठावे; योग्य प्रतिजैविक किती लवकर सुरू होते यावर पुढचे बरेच अवलंबून असते.

सेप्सिस एकाकडून दुसऱ्याला होत नाही, आणि लेप्टोही माणसाकडून माणसाला सहसा लागत नाही. काकांची शुश्रूषा करताना संकोच नसावा. मात्र त्यांच्यासोबत त्याच खाचरात उतरलेल्यांपैकी कोणाला महिन्याभरात ताप आला, तर त्यांनी तपासणी करून घ्यावी.