वाचकांचे प्रश्न : हर्रासीत मिळालेले रंगीत टेलिफोन

प्रश्न : आमच्या भागातील एका बंद पडलेल्या जिनिंग-प्रेसिंगच्या सामानाची हर्रासी झाली, तेव्हा मी तबकडीचे तीन टेलिफोन घेतले. एक लालभडक आहे, एक मोतिया आणि एक फिकट हिरवा. लाल टेलिफोन ‘स्वातंत्र्यापूर्वीचा, विलायती, लाल बॅकेलाइटचा’ असल्याचे विकणाऱ्याने सांगितले आणि त्याची बोली बरीच वर गेली. हिरवा मात्र जवळपास फुकटच मिळाला. तिन्हींची वरून आणि तळाकडून काढलेली छायाचित्रे पाठवत आहे. रंग मूळचे आहेत की नाहीत, हे घरच्या घरी कसे ओळखावे? (एक वाचक, ता. हिंगणघाट, जि. वर्धा)

उत्तर : आपल्या तीन टेलिफोनांपैकी ज्याला सर्वाधिक पैसे पडले, त्याचाच रंग नंतर चढवलेला आहे, आणि जो जवळपास फुकट मिळाला तो रंगाच्या बाबतीत पूर्णपणे अस्सल आहे. रंगीत टेलिफोन घेताना वरचा रंग हा पुरावा मानायचा नसतो; पुरावा तळाशी आणि कवचाच्या आतल्या बाजूला असतो.

लिओ बेकलँड यांनी १९०७ मध्ये तयार केलेले बॅकेलाइट फिनॉल आणि फॉर्माल्डिहाइडपासून बनते. हे राळेसारखे द्रव्य मुळातच गडद असते आणि काळानुसार आणखी काळवंडते, म्हणून बॅकेलाइटच्या टेलिफोनांची कवचे बहुतेक काळी किंवा गडद तपकिरी असत. ब्रिटनमध्ये १९३७ पासून आलेले ३०० मालिकेचे टेलिफोन काळ्याखेरीज हस्तिदंती, लाल आणि हिरव्या रंगांतही मिळत. पण त्या रंगीत कवचांसाठी फिनॉलऐवजी रंग धरणारे दुसऱ्या जातीचे प्लास्टिक वापरावे लागे. म्हणून कोणी ‘लालभडक बॅकेलाइट’ म्हणून टेलिफोन पुढे केला, तर पहिली शंका तिथेच घ्यावी.

आपल्या लाल टेलिफोनच्या तळाच्या छायाचित्रात स्क्रूच्या एका भोकाभोवती लाल थर कपच्यासारखा उडालेला आहे आणि त्याखाली काळपट तपकिरी रंग स्पष्ट दिसतो. रबरी पायांच्या कडेवरही लाल ठिपके आहेत. कारखान्यात रंग कवचाच्या द्रव्यातच मिसळलेला असतो, तो रबरावर उडत नाही. ही फवाऱ्याने मारलेली रंगाची परत आहे, आणि ती टेलिफोन न सोडवता मारलेली आहे. तळाचे दोन स्क्रू काढून कवच उचलले की आतली बाजू काळी निघेल, अशी माझी खात्री आहे. टेलिफोन लाइनला जोडलेला नाही ना, हे मात्र आधी पाहावे, कारण घंटीसाठी येणारा सुमारे ७५ व्होल्टचा प्रवाह चांगलाच झटका देतो.

विलायतीपणाचा दावाही टिकत नाही, कारण तळावर आयटीआयची खूण आहे. इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज (आयटीआय) हा कारखाना बंगळूरला १९४८ मध्ये सुरू झाला आणि त्याने ब्रिटनच्या ऑटोमॅटिक टेलिफोन अँड इलेक्ट्रिक कंपनीशी तांत्रिक सहकार्याचा करार केला. त्यामुळे त्याचे सुरुवातीचे टेलिफोन घाटाने ब्रिटिश टेलिफोनांसारखे दिसतात आणि जाणकारही वरवर पाहून फसतात. स्वातंत्र्यानंतर सुरू झालेल्या कारखान्याचा टेलिफोन स्वातंत्र्यापूर्वीचा असूच शकत नाही, एवढे सांगितले की विकणाऱ्याचा दावा संपतो. माझ्या मते आयटीआयचा जुना काळा टेलिफोन ही स्वतःच जपण्याजोगी वस्तू आहे आणि त्यावर लाल रंग मारणे हे त्याचे नुकसान आहे. रंग काढायचा असेल, तर आधी आतल्या, न दिसणाऱ्या जागी थोडा करून पाहावा. कॉस्टिक किंवा कपड्यांची पावडर अजिबात वापरू नये, कारण क्षाराने बॅकेलाइटची चमक जाते आणि ती परत येत नाही.

मोतिया टेलिफोनचा रंग मूळचाच आहे. रिसीव्हर कवचापेक्षा एक छटा अधिक पिवळा दिसतो, म्हणून आपल्याला संशय आला असावा. दोन भाग वेगवेगळ्या वेळी बनले किंवा एकावर ऊन जास्त पडले, तरी असा फरक पडतो. शिवाय आपल्याकडे टेलिफोनचे यंत्र अनेक वर्षे खात्याच्या मालकीचे असे. ग्राहक फक्त भाडे भरत असे. बिघडलेले यंत्र परत जाई, दुरुस्तीत एकाचा रिसीव्हर दुसऱ्याला बसे आणि ते तिसऱ्याच घरी पोहोचे. म्हणून सुटे भाग जुळत नाहीत एवढ्यावरून फसवणूक झाली असे समजू नये. अमेरिकेतील वेस्टर्न इलेक्ट्रिकच्या ५०० मॉडेलमध्ये आतल्या भागांवर महिना आणि वर्ष छापलेले असते, त्यामुळे तिथले संग्राहक सर्व भागांच्या तारखा जुळवून पाहतात. ब्रिटनच्या ७०६ (१९५९) आणि ७४६ (१९६७) या मॉडेलांच्या तळाशी वर्षाचे शेवटचे दोन अंक असतात. परदेशी म्हणून विकल्या जाणाऱ्या टेलिफोनची तबकडीही पाहावी. अमेरिकी ५०० मॉडेलवर अंक आणि अक्षरे बोटाच्या भोकांच्या बाहेर, कडेच्या गोलावर असतात, आणि शून्यापाशी ऑपरेटर हा शब्द असतो. नुसते अंक असलेली तबकडी लावून ‘अमेरिकन’ म्हणून टेलिफोन कोणी दाखवला, तर निदान तबकडी तरी बदललेली आहे.

आता हिरवा. तो हलक्या एबीएस प्लास्टिकचा आणि नंतरच्या काळातील आहे, म्हणून विकणाऱ्याने त्याची किंमत केली नाही. मात्र त्याच्या तबकडीच्या मधोमध, पारदर्शक चकतीखाली कागदाचा गोल तुकडा आहे आणि त्यावर निळ्या शाईने ‘काटा’ असे लिहून खाली दोन अंकी क्रमांक टाकलेला आहे. म्हणजे हा कारखान्याच्या अंतर्गत एक्स्चेंजवरचा, कापसाच्या गाड्या तोलण्याच्या काट्यावर ठेवलेला टेलिफोन होता. काटा, गेट, प्रेसघर आणि ऑफिस यांना जोडणारी अशी खासगी जोडणी मोठ्या कारखान्यांत आणि खाणींतही असे. तालुक्याचे एक्स्चेंज माणसाच्या हाती चालत असे त्या काळात बाहेरच्या लाइनवरच्या टेलिफोनला तबकडीची गरजही नसे. मूठ फिरवून ऑपरेटरला उठवावे लागे. तबकडीचा टेलिफोन खेड्यात सापडला, तर तो आतल्या जोडणीवरचा होता की गावात स्वयंचलित एक्स्चेंज आल्यानंतरचा, हे शोधण्यासाठी असा कागद फार उपयोगी पडतो. तो काढू नये आणि त्यावर पाण्याचा हात फिरवू नये. माझ्या लेखी आपल्या तिन्ही टेलिफोनांत हाच सर्वात मोलाचा आहे, कारण तो कुठे वापरला गेला हे त्याच्यावरच लिहिलेले आहे.

पुढच्या हर्रासीसाठी एक सूचना. माल ‘जसा आहे, जिथे आहे’ या अटीवर विकला जातो आणि नंतर तक्रारीला जागा राहत नाही. म्हणून बोली लावण्यापूर्वी टेलिफोन उलटा करून पाहू द्यावा, असा आग्रह धरावा. कवचाचा एखादा टवका उडालेला असेल, तर ती संधीच समजावी. त्या कडेत आतपर्यंत तोच रंग दिसला पाहिजे. ऑनलाइन बोलीत तळाचे छायाचित्र मागावे, आणि विकणारा ते देत नसेल तर त्या वस्तूचा नाद सोडावा.

प्रश्न : आमच्या घरातील मोतिया टेलिफोन पिवळा पडला आहे. हायड्रोजन पेरॉक्साइड लावून उन्हात ठेवले की पांढरा होतो, असे ऐकले. करून पाहावे का? (एक वाचिका, ता. दर्यापूर, जि. अमरावती)

उत्तर : माझा सल्ला नकारार्थी आहे. एबीएस प्लास्टिकवर या उपायाचा परिणाम होतो हे खरे आहे, परंतु तो बहुधा पट्ट्यापट्ट्यांनी होतो आणि पिवळेपणा पुष्कळदा काही काळाने परत येतो. टेलिफोन जुन्या जातीच्या प्लास्टिकचा असेल, तर पृष्ठभाग कायमचा खराब होण्याची भीती आहे. आपल्याकडच्या मे महिन्यातील उन्हात गच्चीवर ठेवलेले पातळ कवच वाकडेही होऊ शकते. मऊ कापड सौम्य साबणाच्या पाण्यात बुडवून घट्ट पिळावे आणि तेवढ्यानेच पुसावे. तबकडीत पाणी जाऊ देऊ नये. नखांचा रंग काढण्याचे द्रव्य किंवा थिनर यांनी एबीएस विरघळते, म्हणून ते जवळही आणू नयेत. टेलिफोन टिनाच्या छपराखालच्या खोलीत न ठेवता घरातल्या थंड, अंधाऱ्या भागात ठेवावा. पिवळेपणा वाढण्याचे मुख्य कारण ऊन हेच आहे.

प्रश्न : असा टेलिफोन आजच्या लाइनवर चालेल का? (एक वाचक, उमरेड, जि. नागपूर)

उत्तर : घंटी वाजणे आणि बोलणे बहुधा जमते, क्रमांक फिरवणे मात्र अनेकदा जमत नाही. तबकडी सोडली की ती परत येताना लाइन तोडून जोडते. एकासाठी एकदा आणि शून्यासाठी दहा वेळा, तेही सेकंदाला सुमारे दहा या वेगाने. फायबरच्या अनेक पेट्यांना ही खूण समजत नाही. त्यांना बटणांचे सूर लागतात. या ठोक्यांचे सुरांत रूपांतर करणारे छोटे उपकरण मधे जोडता येते आणि टेलिफोनच्या आत काहीही बदलावे लागत नाही. आतली वायर कापून नवी सर्किटची पाटी बसवण्याची तयारी एखाद्या मेकॅनिकने दाखवली, तर नम्रपणे नकार द्यावा आणि हे बाहेरून जोडायचे उपकरणच घ्यावे.